उडालेला पत्रा आणि उघडं दार

मित्रांनो, मी एक जुना नालीदार पत्रा आहे. लांबी दहा फूट, अंगावरचा जस्ताचा रंग विटलेला आणि एका कोपऱ्यात फाटलेलं भोक. आम्हा पत्र्यांचं कौतुक सहसा कोणी करत नाही. "किती वाजतो हा," एवढंच लोक आमच्याबद्दल बोलतात. मी वाजतो हे खरंच आहे, आणि आज जरा जास्तच वाजणार आहे. कारण माझ्या आयुष्यात दोन माणसं अशी आली की त्यांचे आभार मानल्याशिवाय गंजून जायची माझी तयारी नाही. एक अब्दुल गनी मिस्त्री, ज्यांनी मला छपरावर बसवलं. दुसरी निशिगंधा, जिने मला वाचलं. पत्रा वाचतात कसा, ते पुढे सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला वितळलेल्या जस्तात बुडवलं आणि रुळांमधून दाबून अंगावर लाटा उठवल्या. मग ट्रकमध्ये घालून वणीच्या बाजारात आणून उभं केलं. तिथे एके दिवशी मुकुटबनचे पुंडलिकराव आले. मडकं घेताना वाजवून पाहतात तसं त्यांनी मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि माझ्यासोबत माझे तेवीस भाऊ उचलले. पुंडलिकरावांची कपाशीची शेती होती, घर नवं बांधलं होतं, आणि वेचलेला कापूस भाव येईपर्यंत ठेवायला घराच्या कडेला एक मोठी खोली काढली होती. मला त्या खोलीवर जागा मिळाली.

आम्हाला बसवायला मारेगावहून गनीमिस्त्री आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, उजव्या कानावर कायम पेन्सिल. पत्र्याला छपराच्या लोखंडी अँगलशी जखडणारे आकडे ते बाजारातून आणत नसत, स्वतः भट्टीवर वाकवून आणत. भोक पाडायचं ते लाटेच्या उंचवट्यावर, म्हणजे पाणी गळत नाही. आकडा कसून झाला की त्यावर हात ठेवून क्षणभर थांबत. मला ते फार आवडलं होतं. इतक्या आस्थेने तोवर मला कोणी हात लावला नव्हता.

त्यांची आणखी एक सवय होती. पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक लाटेखाली एक पोकळी राहते. चिमण्यांना घरटं करायला ती बरी पडते, म्हणून कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. गनीमिस्त्री मात्र चुना आणि वाळू कालवून त्या पोकळ्या एक एक करून भरत बसले. खाली उभे राहून पुंडलिकराव हसायला लागले.

"मिस्त्री, चिमण्यायचं घर काहून बुजवून राह्यले?"

"चिमण्या दुसरीकडे घर करतीन, पुंडलिकभाऊ. फट ठेवली तर आत काय घुसन, सांगता येत नाही."

"एका दिवसाचं काम तीन दिवस चालवता बाप्पा तुम्ही."

गनीमिस्त्रींनी पुढची पोकळी भरायला घेतली. त्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या देवसिंगच्या घरावरही पत्रे घातले आणि तिथेही फटी बुजवल्या. देवसिंग हसला नाही. त्याने चहा पाजला.

पुढची चार वर्षं सुखात गेली. माझ्याखाली कापूस माझ्या पोटाला टेकेल इतका भरायचा, आणि त्या ढिगावर पुंडलिकरावांची मुलगी निशिगंधा चढायची. चढून माझ्या पोटाला हात लावायची आणि दुपारी चटका बसला की हात झटकून हसायची. मी थंड कधी होतो, वाजतो कधी, तिला सगळं ठाऊक होतं. एवढ्या चौकशा माझ्याबद्दल कोणी केल्या नाहीत.

निशिगंधा दहा वर्षांची असताना एप्रिलमधल्या एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं. पुंडलिकराव शेतात होते. पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला आणि पाठोपाठ माझ्यावर गारा आदळू लागल्या. आता निशिगंधाच्या आईची, इंदुताईंची, एक रीत सांगतो. गारा पडू लागल्या की अंगणात कुऱ्हाड फेकायची, धार आभाळाकडे करून. धार दिसली की गारा माघार घेतात, असं त्यांच्या माहेरी मानत. इंदुताईंच्या हातात चुलीवरचं पातेलं होतं, म्हणून त्या म्हणाल्या,

"निशे, कुऱ्हाड फेक बाहेर. लवकर."

पोरीने कापसाच्या खोलीचं पश्चिमेचं दार उघडलं, दोन्ही हातांनी कुऱ्हाड अंगणात फेकली, आणि गारेच्या माराने घाबरून तशीच आत आईला जाऊन बिलगली. दार उघडंच राहिलं. वारा सरळ खोलीत शिरला. वरून वारा मला उचलत होताच, आता खालूनही ढकलू लागला. गनीमिस्त्रींचे आकडे जागचे हलले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. पण मी स्वतः त्या आकड्यांभोवती वर-खाली, वर-खाली वाकत राहिलो, शेवटी भोकापाशी फाटलो आणि उडालो. देवसिंगच्या गोठ्यापाशी पडताना माझ्या धारेने त्याच्या गोऱ्ह्याचा पाय कापला. पाय पुढे बरा झाला, पण गोऱ्हा जन्मभर लंगडत चालला. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

माझ्यामागून आणखी नऊ पत्रे गेले. खोलीतला कापूस भिजून काळा पडला.

दुसऱ्या दिवशी गनीमिस्त्री सायकलवरून आले. त्यांनी मला उचलून भोक निरखलं, मग शिडी लावून वर गेले, अँगलला लटकलेले आकडे हाताने हलवून पाहिले.

"आकडा तर एकही सुटला नाही, भाऊ. टिन फाटून निघालं. असं कसं झालं, मले समजूनच नाही राह्यलं."

"समजून नाही राह्यलं तर काम कायले घेता लोकायचं?" पुंडलिकराव चारचौघांत म्हणाले.

देवसिंग मध्ये पडला. "माह्या घरावरच्या टिना तर बसूनच आहेत. तिथंही हात मिस्त्रीचाच होता."

"तुह्या घराले माह्या घराचा आडोसा आहे," पुंडलिकरावांनी त्याला गप्प केलं. रागात होते. नुकसान डोळ्यांसमोर होतं आणि बोल लावायला माणूसही समोर होता.

गनीमिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि खिशात ठेवली. त्या दिवशी ती पुन्हा कानावर गेली नाही. निशिगंधा दाराआड उभी राहून हे सगळं ऐकत होती.

त्यानंतर आसपासच्या गावांत 'गनीचं काम कच्चं' ही म्हण होऊन बसली. छपराचं काम त्यांना कोणी देईना. शेवटी त्यांनी मारेगावच्या रस्त्याला पंक्चर काढायचं दुकान टाकलं. आमच्या घराला दुसऱ्या मिस्त्रीने दीड दिवसात नवे पत्रे घातले आणि चिमण्यांना त्यांची घरं परत मिळाली. मला गोठ्यामागे पऱ्हाट्यांच्या ढिगावर टाकलं. कपाशी वेचून झाल्यावर उरतात त्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या, चुलीला लागतात. मी त्यांच्यावर झाकण म्हणून पडून राहिलो. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालत. वर्षामागून वर्षं गेली, आणि हळूहळू मलाही वाटू लागलं की दोष बहुधा माझ्यातच असावा.

निशिगंधा शिकायला अमरावतीला गेली, आणि तिथून दूर दक्षिणेत एका मोठ्या प्रयोगशाळेत. वादळात घरं का मोडतात, आगीत कोणती टिकतात, याचा अभ्यास ती करू लागली. इतक्या विषयांतून हाच का निवडला, असं तिला पुष्कळांनी विचारलं. ती म्हणायची, आमच्या घराचं छप्पर उडालं होतं. तेवढंच.

एका दिवाळीत ती घरी आली होती. आंघोळीचं पाणी तापवायला पऱ्हाट्या हव्या होत्या, म्हणून तिने मला बाजूला सारलं आणि एकदम थांबली. माझ्या फाटक्या भोकात तिने बोट फिरवलं. भोकाभोवती बारीक चिरा होत्या, चांदणीच्या टोकांसारख्या चारी बाजूंना गेलेल्या. लहानपणी ती माझं तापमान ओळखायची, आता तिला माझ्या चिराही समजत होत्या. आकडा ढिला असता तर तो सुटून आला असता आणि भोक गोलच राहिलं असतं. अशा चिरा पडतात त्या पत्रा पुन्हा पुन्हा वाकल्याने. मित्रांनो, पत्रा वाचतात तो असा. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कोणीतरी खरं काय घडलं ते विचारलं होतं.

ती मला सोबत घेऊन निघाली तेव्हा इंदुताई म्हणाल्या, "लोकायच्या पोरी दिवाळीहून साडी घेऊन जातेत, आमची टिन घेऊन चालली."

प्रयोगशाळेत माणसाहून उंच पंखे होते. निशिगंधाने त्यांच्यापुढे आमच्या कापसाच्या खोलीएवढीच खोली उभी केली, पश्चिमेच्या दारासकट. माझ्यासारखाच नवा पत्रा घेतला, आणि गनीमिस्त्री करत तसेच आकडे स्वतः वाकवून घेतले. मला समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलं. पंखे सुरू झाले. पत्रा थरथरला, पण बसून राहिला. वारा वाढवला, तरी बसून राहिला. मग ती त्या दाराकडे वळली आणि म्हणाली, "आता दार उघडा."

दार उघडलं आणि पत्र्याला वर ओढणारा जोर जवळजवळ दुप्पट झाला. कागदी पिशवीत फुंकर मारल्यावर ती फुगते, तशी खोली फुगली. थोड्याच वेळात पत्रा फाटला. तिने तो माझ्याशेजारी आणून ठेवला. भोकाभोवती हुबेहूब माझ्यासारख्या चिरा होत्या.

सगळे जेवायला गेल्यावर ती माझ्यासमोर फरशीवर बसली. एरवी प्रयोगशाळेत ती इंग्रजीत बोलायची, पण माझ्याशी घरच्या बोलीत बोलली. "दार म्याच उघडं टाकलं होतं. आणि बोल गनीचाचाले लागला."

मला वाटलं, आता ही उद्याच गावाला जाईल. ती गेली नाही. एकदा फोनवर विषय काढला, तर पुंडलिकराव म्हणाले, "मेलेल्या वादळाले कायले उकरून राह्यली तू?" वडिलांना खोटं ठरवायचं, आणि त्याहून कठीण म्हणजे स्वतःचं नाव घ्यायचं, हे तिच्याच्याने होईना. उघड्या दाराचा तिचा प्रयोग मात्र देशोदेशी वाचला गेला. तिला मान मिळाले, हाताखाली विद्यार्थी आले. प्रत्येक सत्कारानंतर ती माझ्याकडे एकदा बघायची आणि नजर काढून घ्यायची. अशी नऊ वर्षं गेली. खरं सांगतो मित्रांनो, तेव्हा मी तिच्यावर रागावलो होतो. मारेगावच्या रस्त्यावर एक म्हातारा माणूस अजून पंक्चर काढत होता, आणि त्याला अजून समजलं नव्हतं की असं कसं झालं.

त्या वर्षांत तिने आगीचाही अभ्यास केला. जळत्या पऱ्हाट्यांच्या ठिणग्या छपरावर उडवणारं एक यंत्र तिने केलं होतं. वणव्याची ज्योत घरापर्यंत पोचायच्या आधीच ठिणग्या पोचतात, आणि त्या शिरतात त्या पत्र्याखालच्या पोकळ्यांतून, हे तिथे दिसून आलं. एके दिवशी सलोनी नावाच्या विद्यार्थिनीने माझ्या कडेला चिकटलेला पांढरा खडा नखाने उकरला आणि विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

निशिगंधाने पाहिलं. तो चुना होता. पंधरा वर्षं कोंबड्यांखाली पडून, शेकडो कोस प्रवास करून तो माझ्या कडेला धरून बसला होता. दुसऱ्या दिवशी तिने खोलीच्या सगळ्या पोकळ्या तशाच चुन्याने भरायला लावल्या आणि आत कापूस पसरला. तासभर ठिणग्या उडवल्या. कापूस पांढराच राहिला. तिला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले.

पुढच्या मार्चमध्ये मुकुटबनहून फोन आला. सागाचा पाला वाळला होता, जंगलाच्या कडेला कुठेतरी आग लागली आणि वाऱ्याने ठिणग्या गावात आणल्या. माणसं वाचली, गुरं वाचली. पण पुंडलिकरावांची कापसाची खोली आतून पेटली आणि छपरासकट बसली. देवसिंगच्या अंगणातल्या पऱ्हाट्याही जळल्या होत्या, तरी त्याच्या घराला धग लागली नाही. त्याच्या घरावरचे पत्रे अजून गनीमिस्त्रींच्याच हातचे होते.

या खेपेला निशिगंधा थांबली नाही. मला टेम्पोत घातलं आणि निघाली. पण आधी घरी गेली नाही, मारेगावला पंक्चरच्या दुकानापाशी उतरली. गनीमिस्त्री ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होते. दाढी पांढरी झाली होती.

"मले कायले नेतं बेटा?" ते म्हणाले. "त्या गावाले माही काय गरज?"

"गावाले नाही चाचा, मले आहे."

दुपारी ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली लोक जमले. आग कशी लागली ते मोठ्या शहरातली मॅडम सांगणार, अशी सगळ्यांची समजूत होती. निशिगंधाने मला सगळ्यांपुढे उभं केलं. एवढ्या मोठ्या सभांत बोललेली बाई, पण बोलायच्या आधी तिने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हे टिन उडालं तेव्हा मी दहा वर्षांची होती," ती म्हणाली. "कुऱ्हाड फेकायले दार उघडलं आणि लावलंच नाही. वारा आत शिरला म्हणून छप्पर गेलं. म्या हे शंभरदा तपासून पाह्यलं. गनीचाचाचं काम पक्कं होतं. आणि आता जी आग आत घुसली, ती चाचा बुजवत होते त्याच फटीतून घुसली. देवसिंगकाकाचं घर पाहा. छपराचं मले नऊ वर्षांपासून माहीत आहे. सांगाची हिंमत झाली नाही."

मग बायकांतून इंदुताईंचा आवाज आला. "पोरीचं काय त्याच्यात? कुऱ्हाड फेक म्हणून म्याच सांगतलं होतं."

पुंडलिकराव उठले. म्हातारपणी त्यांचे गुडघे धरतात, त्यामुळे उठायला वेळ लागला. ते गनीमिस्त्रींपुढे जाऊन उभे राहिले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. बोलताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

"गनीभाऊ," ते म्हणाले, "म्या तुमचं नाव घालवलं. खोली पुन्हा बांधाची आहे. टिना तुम्हीच बसवा. किती दिवस लागतीन तितके लागू द्या."

गनीमिस्त्री माझ्याजवळ आले, खाली बसले आणि माझ्या फाटक्या भोकात अंगठा फिरवला. जवळजवळ पंचवीस वर्षांनी तो अंगठा मला लागला, आणि मी ओळखला.

"वायसर लहान पडलं होतं," ते म्हणाले, म्हणजे आकड्याच्या नटाखालची चकती. "अजून मोठं टाकाले पायजे होतं. तेवढी माही चूक."

मित्रांनो, सगळं गाव त्यांना निर्दोष म्हणत असताना त्या माणसाने स्वतःची चूक शोधून पुढे ठेवली. त्या दिवशी मला पत्रा असल्याचा अभिमान वाटला. मग त्यांनी निशिगंधाकडे पाहिलं.

"असं कसं झालं, हे एवढ्या सालात कोणीच सांगत नव्हतं. तू सांगतलं, बेटा. आता झोप लागन. आणि दाराचं मनाले लावून घेऊ नको. दहा वर्षांच्या लेकराले वारा काय समजते?"

निशिगंधा तिथेच, सगळ्यांपुढे, रडली. देवसिंगने चहा सांगितला.

नवी खोली उभी राहिली. आकडे गनीमिस्त्रींनी भट्टीवर स्वतः वाकवले, वायसर मोठे घातले, फटी बुजवायला तीन दिवस घेतले, आणि या वेळी चुना कालवायला खाली पुंडलिकराव बसले होते. पेन्सिल कानावर होती. आता आसपासचे तरुण मिस्त्री फटी कशा भरायच्या ते पाहायला मारेगावला जातात, आणि पंक्चरचं दुकान गनीमिस्त्रींचा मुलगा फैज सांभाळतो.

माझं काय करायचं, हा प्रश्न राहिला. फाटका पत्रा छपराला चालत नाही. इंदुताई म्हणाल्या, पऱ्हाट्यांवर टाका. गनीमिस्त्रींनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "याले दारालेच ठोकतो. ठिणगी लागली तरी दार पेटाचं नाही." त्यांनी मला मापाने कापून पश्चिमेच्या दारावर बाहेरून बसवलं, आणि फाटकं भोक मुद्दाम कडीशेजारी येईल असं ठेवलं. दार लावणाऱ्याच्या बोटाला ते लागतंच.

या एप्रिलमध्ये पुन्हा आभाळ काळंनिळं झालं. निशिगंधा सुट्टीला आलेली होती. गारा सुरू होताच इंदुताईंनी कुऱ्हाड उचलली आणि अंगणात फेकली. शिकलेल्या लेकीने त्यांना अडवलं नाही. त्या आत येताच तिने मला धरून ओढलं, पुंडलिकरावांनी अडसर घातला, आणि बाहेर वारा माझ्या छातीवर आदळत राहिला. निशिगंधा आतून दाराला पाठ लावून उभी होती. वर एकही पत्रा हलला नाही. मी मात्र वाजलो, मनसोक्त वाजलो.

म्हणून मित्रांनो, या जुन्या पत्र्याचं एवढं ऐका. छपराखालच्या फटी बुजवा, भिंतीला लागून पऱ्हाट्या रचू नका, आणि कामाला वेळ लावणाऱ्या मिस्त्रीला हसू नका. कुऱ्हाड फेकायची असेल तर खुशाल फेका, पण आत आलात की दार लावा. आणि एवढं करूनही कधी छप्पर उडालंच, तर कोणाला बोल लावण्याआधी एकदा आपल्या दाराकडे पाहून या.